वाऱ्याचं बलुतं

एका गावानं चावडीत माझा सत्कार केला होता. नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला. "मास्तरांनी आप्पाला माणसात आणला," असं पाटील म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फेटा सावरत हात जोडून उभा राहिलो. हा आजारी माणूस मी खोटं बोलून आत आणला, एवढंच त्या वेळी मी म्हणायला हवं होतं. आणि खोटं एकदा नव्हे, दोनदा बोललो होतो. त्यातलं एक सगळ्या गावाला माहीत होतं, कारण ते आम्ही मिळूनच रचलं होतं. दुसरं फक्त मला माहीत होतं. मी काहीच बोललो नाही. फेटा मात्र जपून घरी नेला.

आता पन्नाशी जवळ आली आहे. त्या दिवसांबद्दल लिहायचं म्हणून पुष्कळदा बसलो आणि उठलो. अडचण अशी की आप्पा आठवले की आधी हसू येतं आणि मग स्वतःची लाज वाटते. हा क्रम उलटा व्हायला हवा, पण होत नाही. तेव्हा आहे तसंच सांगतो.

आष्ट्यापासून बैलगाडीनं दोनेक तासांवरचं ते गाव. त्या वेळी ते सातारा जिल्ह्यात मोडायचं आणि सांगली संस्थानात होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत आणि उरलेली उसात. मी फायनल पास होऊन लोकल बोर्डाच्या शाळेत नुकताच लागलो होतो. साताऱ्यात वाढलेला, खेड्यात जाऊन लोकांचं भलं करायचं असं ठरवून आलेला. असं ठरवून आलेला माणूस किती त्रासदायक असतो, हे मला आता कळतं.

गावात शिरायच्या आधी एक उंचवटा लागायचा. सगळ्यांची खळी तिथंच, एकाला लागून एक. त्या जागेला खळवाडी म्हणत. पहिल्या दिवशी माझी गाडी तिथं थांबली. मी खाली उतरून आळस देत उभा राहिलो, तोच मागून आवाज आला,

"आवं पावनं, जरा बाजूला सरा. वारं अडलंय तुमच्यामुळं."

वळून पाहिलं. एका खळ्यावर दोन गडी उंच तिपाईवर चढून, हातात ज्वारीच्या पाट्या धरून नुसतेच उभे होते. वारं पडलं होतं, त्यामुळे उफणणी थांबली होती. आणि खळ्याच्या कडेला एक उंच, काटकुळा माणूस सदऱ्याच्या गुंड्या सोडून, दोन्ही हात पसरून, मावळतीकडे तोंड करून उभा होता. मी मुकाट्यानं सरकलो. आणि खरंच एक झुळूक आली. गड्यांनी पाट्या तिरक्या केल्या, दाणे खाली पडू लागले, भुसकट लांब उडालं.

"आलं बगा," तो माणूस म्हणाला. "तुमीच आडवं आला हुता."

तेच आप्पा. गावाला वारं पुरवणं हे आपलं काम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, खात्री होती. सुताराचं काम नांगराचं, कुंभाराचं मडक्याचं, तसं आपलं वाऱ्याचं. बारा बलुतेदार गावाला ठाऊक होते. हे तेरावे. सुगीत प्रत्येक खळ्यावर ते बलुत्याला, त्यांच्या तोंडी बैत्याला, जायचे आणि रास झाली की धोतराचा सोगा पसरून उभे राहायचे. लोक हसत हसत सूपभर ज्वारी घालायचे. पण कुणी "घे बाबा, धर्म म्हणून" असं म्हणालं की आप्पा ती सगळी ज्वारी तिथंच राशीवर उलटी ओतायचे.

"धर्म कुनाला करतुस रं? बैतं हाय ह्ये माजं. वर्सभर वारं खाल्लंस की."

मग तो शेतकरी हात जोडून म्हणायचा, "चुकलं आप्पा, बैतं घ्या." मग घ्यायचे. आणि घेतलेली ज्वारी भावाच्या घरी, उंबऱ्याबाहेर ठेवून परत यायचे. स्वतः आत जायचे नाहीत.

ते कुठल्याच घरात जायचे नाहीत. भावाचं चांगलं धाब्याचं घर होतं, उसाची जमीन होती, गोठ्यात चार बैल होते. भावाला गाव तात्या म्हणे. आप्पांसाठी सोप्यात एक वाकळ रोज पसरलेली असायची आणि रोज सकाळी तशीच गुंडाळली जायची. आप्पा खळवाडीवर राहायचे. कडब्याच्या गंजीला टेकून झोपायचे, पावसात कुणाच्या तरी सोडलेल्या गाडीखाली सरकायचे. मी एकदा मोठ्या हुशारीनं विचारलं,

"आप्पा, गाडीखाली कसं चालतं? तेही छप्परच झालं."

"मास्तर, गाडीला भिंती हाईत का?"

"नाहीत."

"मग? वारं हिकडनं येतंय, तिकडनं जातंय. तेला मी घावतो. घरात बसलो आन तेनं हुडकलं तर काय सांगू? मालक घरात न्हाईत म्हनून?"

त्यांच्याकडे एक छत्री होती. तिचं कापड काढून टाकलेलं, नुसत्या काड्या. पाऊस आला की ती उघडून आप्पा गावातून असे रुबाबात चालायचे की नव्या माणसानं नमस्कार करावा. वारं दिशेप्रमाणे वेगळं वागवावं लागतं, हेही मला त्यांनीच शिकवलं. मावळतीचं वारं म्हणजे रुसका जावई. त्याला "या की पावनं, किती वाट बगायची" असं गोडीनं बोलवायचं. मिरजेकडून येणाऱ्या वाऱ्याला मराठी कळत नाही. त्याच्याशी आप्पा "बा, बा" म्हणजे ये, ये, असं कानडीत बोलायचे. त्यांना तेवढंच कानडी येत होतं.

"आणि ते आल्यावर पुढं काय बोलता?" मी विचारलं.

"आल्यावर कशाला बोलायचं? कामाला लागतंय ती."

न्हाव्याचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. बलुतेदारांनी एकमेकांची कामं धान्य न घेता करायची अशी रीत होती. आप्पांनी ती रीत नेमकी पकडली होती. दर आठवड्याला लिंबाखाली जाऊन बसायचे आणि हनुवटी वर करायचे. न्हावी वस्तरा चालवता चालवता म्हणायचा, "आप्पा, माज्या तुकड्याचं बगा जरा. उद्या शाळू उफणायचाय."

"किती येळ लागंल?"

"दुपारपातूर हुईल."

"धाडतो."

साऱ्या गावात आप्पांना बलुतेदार म्हणून वागवणारा हा एकटाच. तो मनातून हसत होता का, मला कधी कळलं नाही. मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "मास्तर, दाढी करताना मानूस हलाय नको. आप्पा हालत न्हाईत. मला तेवढं पुरं."

शाळेत एकदा दिपोटीसाहेब तपासणीला आले. मी खिडक्या लावून, मुलांना ताठ बसवून तयार होतो. साहेबांनी कविता म्हणायला सांगितली आणि तेवढ्यात बाहेरून काठी आत आली आणि एकेक खिडकी धाडधाड उघडली गेली. टेबलावरचे कागद उडाले, साहेबांची टोपी तिरकी झाली. खिडकीत आप्पांचा चेहरा.

"सायेब, पोरं उबून गेली हुती. आता बगा कशी टवटवीत दिसाय लागली."

मी कागद गोळा करत माफी मागू लागलो. पण साहेब बरे होते. जाताना शेरा लिहून गेले, "वर्ग हवेशीर आहे." तो शेरा मी आप्पांना वाचून दाखवला. ते गंभीरपणे म्हणाले, "सायबाला समजतं. तुमालाच वेळ लागतोय."

असं सांगत गेलो तर आप्पा म्हणजे एक गोड विक्षिप्त माणूस वाटेल. ते मला नको आहे. पावसाळ्यात वारं सुटायचं ते कुणाच्या ऐकण्यातलं नसायचं, आणि त्या दिवसांत आप्पाही नसायचे. दोन दोन दिवस जेवायचे नाहीत. कोसळत्या पावसात उभं राहून वाऱ्याला आईवरून शिव्या द्यायचे, रडायचे. गावातली दारं लागलेली दिसली की दगड मारत सुटायचे. एकदा भावाच्या शेरडांचं छप्पर त्यांनी हातानं उपसून टाकलं, कारण आत शेरडं गुदमरतायत असं त्यांना दिसलं. शेरडं रात्रभर भिजली, दोन मेली. सकाळी आप्पा त्यांच्याजवळ बसून होते. मेलेल्या शेरडाच्या नाकाशी वाकून फुंकर घालत होते.

तात्या सांगायचे की गाठीच्या रोगाच्या, म्हणजे प्लेगच्या, सालात आप्पांची बायको आतल्या खोलीत वारली. दारं लावलेली, धुरी घातलेली. "आत जीव कोंडून गेली ती. तवापासनं ह्यो आत आला न्हाई." मला हे कारण फार पटलं. पण तात्यांच्या पत्नी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना वैनी म्हणायचो त्या, चुलीपाशी बसून म्हणाल्या, "आवं, तेच्या आदीपासनं हुतं की. माज्या लग्नात मांडवाचं कापड सोडलं हुतं भावजींनी." तेव्हा कारण काय ते मला माहीत नाही.

माझ्या तिसऱ्या सुगीच्या तोंडावर आप्पांच्या पायात उसाचा तुटलेला बुडखा शिरला. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. मग पाय सुजला, काळपट झाला, वास यायला लागला. वैनी भाकरी घेऊन खळवाडीवर जायच्या आणि पदर नाकाला लावून परत यायच्या. गावातल्या वैदूला आप्पांनी काठी उगारली. मग तात्या माझ्याकडे आले. "तुमचं ऐकतोय त्यो. तुमी सांगा."

मी गेलो.

"आप्पा, पाय डॉक्टरांना दाखवू या. आष्ट्याला."

"कुठं बसत्यात ती?"

"दवाखान्यात."

"दार हाय?"

"दवाखान्याला दार असणारच."

"मग न्हाई."

"आप्पा, पाय सडेल."

"सडंल. माजाच हाय न्हवं? तुमचा सडत असंल तर तुमी जावा."

मी रागावून परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी त्यांना ताप होता, डोळे लाल होते, पण ते माझीच वाट पाहत असावेत. बसायच्या आधीच म्हणाले,

"मास्तर, डाक्टरला पाय हाईत का?"

"आहेत की."

"मग तेनं यावं. हितं. उगड्यावर बगू दे, कापायचं तर कापू दे. मी कुठं नको म्हनतोय?"

हे वाक्य मी नीट ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणता येत नाही.

आष्ट्याच्या बाजारादिवशी मी दवाखान्यासमोर जाऊन उभा राहिलो. डॉक्टर तरुण होते, कडक इस्त्रीची विजार, समोर बाकावर रोग्यांची गर्दी. आत जाऊन काय म्हणायचं ते मी मनात जुळवू लागलो. आमच्या गावी गाडीखाली एक वेडा माणूस पडला आहे, त्याला दारं चालत नाहीत, तर आपण खळ्यावर चला. हे वाक्य मी कसंही फिरवून पाहिलं तरी त्यात मीच हास्यास्पद दिसत होतो. डॉक्टर हसतील, बाकावरचे लोक हसतील. समोरच्या हॉटेलात जाऊन मी चहा घेतला. बसून विचार करतो आहे असं स्वतःला भासवलं. आणि परत फिरलो.

तात्या वाटेवरच उभे होते. मी म्हणालो, "डॉक्टर येत नाहीत. तिकडंच आणा म्हणाले."

हे ते खोटं, जे फक्त मला माहीत होतं.

पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. डॉक्टर येत नाहीत, आप्पा जात नाहीत, तर न्यायचं कसं? युक्ती माझीच. आपलं बलुतं चावडीत पाटलांनी तोंडानं कबूल करावं, अशी आप्पांची कितीतरी वर्षांची मागणी होती. बलुतेदारांच्या हक्काचे तंटे चावडीत तुटायचे, आणि आप्पांचं म्हणणं कधीच कुणी तिथं घेतलं नव्हतं. मी पाटलांना म्हणालो, "तुमचा निवाडा आहे म्हणून बोलावणं धाडा. त्यासाठी ते उंबरा ओलांडतील."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मास्तर, चावडीत बोलवून फसवायचं म्हंता? माज्या बाच्या येळंपासनं असं कुनाला बोलावलं न्हाई. चोराला सुदीक न्हाई."

"जीव वाचतो आहे, पाटील."

"ती खरं," पाटील म्हणाले. "पन डाक्टर का येत न्हाई?"

"नाही म्हणाले," मी म्हणालो.

ठरल्या दुपारी आप्पा आले. मला ते लांबून ओळखूच आले नाहीत. नदीवर अंघोळ केलेली, न्हाव्याकडून दाढी करून घेतलेली, तात्यांचा लग्नातला फेटा मागून बांधलेला. दुखरा पाय फडक्यात गुंडाळून, काठीवर भार देत, लंगडत. चावडीच्या उंबऱ्यापाशी येऊन ते थांबले. पायरीवर घाम टपटप पडत होता. सगळ्या खिडक्या उघड्या आहेत की नाहीत ते त्यांनी वाकून पाहिलं. त्या आम्ही मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या.

"या आप्पा," पाटील म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही.

आप्पांनी डोळे मिटले आणि चांगला पाय आत टाकला. मग दुसरा. आत येऊन बलुतेदार बसतात त्या बाजूला ते नीट मांडी घालायचा प्रयत्न करत बसले. दार लावलं गेलं. चौघांनी त्यांना धरलं, तात्यांनी हात बांधले. तात्या रडत होते. मला वाटलं होतं आप्पा ओरडतील, लाथा झाडतील. मी त्यासाठी तयार होतो. त्यांनी फक्त मान वळवून मला विचारलं,

"मास्तर, बैत्याचं काय झालं?"

मी म्हणालो, "आधी पाय बरा होऊ दे."

आष्ट्याला डॉक्टरांनी पाय पाहिला आणि तसाच सांगलीला न्यायला सांगितलं. तात्या बैलांना पाणी दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, "आणखी चार दिवस गेले असते तर माणूस हाती लागला नसता. पण असं बांधून कशाला आणलंत हो? मला निरोप धाडायचा. मी सायकलवरनं रोज मळ्यांवर जातो. बाळंतपणं सुद्धा झोपडीत करतो."

"ते ऐकत नाहीत," मी म्हणालो. त्यांनी विचारलेल्या गोष्टीचं ते उत्तर नव्हतं, पण डॉक्टर घाईत होते.

सांगलीच्या एका दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला, जीव राहिला. हे मी विसरत नाही. माझ्या बाजूनं बोलायला एवढंच आहे, आणि ते थोडं नाही. आप्पा सगळी सुगी तिथंच एका खोलीत होते. तात्यांबरोबर मी एकदा भेटायला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.

परत आणलं ते थेट तात्यांच्या सोप्यात. अंगानं भरले होते, केस कापलेले, स्वच्छ. गाव बघायला लोटलं. त्याच आठवड्यात तो चावडीतला फेटा मला बांधला गेला. आप्पा वाकळेवर बसून असायचे, वाढलं ते जेवायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. एके दिवशी मी गेलो असताना त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही माझ्याकडे न बघता.

"औंदा खळी झाली?"

"झाली की," तात्या म्हणाले.

"वारं कुनी आनलं?"

मी तोंड उघडलं. वारं कुणी आणत नसतं, ते आपोआप येतं, असं मी मास्तरकीनं सांगणार होतो, याची मला खात्री आहे. पण वैनी भाकरी थापता थापता आतूनच बोलल्या,

"आता कुनी म्हंजे? तुमीच न्हवं का सांगलीस्नं धाडलं, भावजी?"

आप्पा विचारात पडले. दोन बोटं गेलेल्या पायाकडे बघत राहिले.

"धाडलं हुतं खरं," ते म्हणाले. "पन उशिरा पोचलं आसंल. पूल हाय न्हवं मधी."

"व्हय, जरा उशीर झाला," वैनी म्हणाल्या. "पन आलं बाई."

त्या दिवशी आप्पा दोन भाकऱ्या जेवले. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत एका सकाळी ते खळवाडीवर परत गेलेले दिसले. गावाला वाईट वाटलं. पाटलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू दिलेला फेटा परत मागावा की काय असं त्यांना वाटत असावं.

आप्पांनी वाऱ्याला बोलावणं सोडलं नाही. पण आता त्यांना कुणाचं बोलावणं चालेना. हे मी केलं होतं. लोकांनी हाक मारली की ऐकायचे, पण जागचे हलायचे नाहीत. न्हाव्यानं लिंबाखाली बोलावलं तर लांबूनच लिंबाच्या चहूबाजूंना बघून घ्यायचे. वैनी सणाच्या दिवशी अंगणात ताट मांडून म्हणायच्या, "जेवाय या, भावजी."

"येतो," आप्पा खळवाडीवरून ओरडायचे. "आन दार कोन लावनार हाय?"

लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो. माझ्याशी तर ते बोलतच नव्हते. वाटेत दिसलो की ते वाट बदलायचे. त्या लंगडत्या पायानं वाट बदलणं सोपं नव्हतं, तरी बदलायचे.

दोन वर्षांनी त्यांना खोकला लागला, तो सुटेना. या खेपेला तात्यांनी स्वतःच आष्ट्याला निरोप धाडला आणि डॉक्टर खरंच सायकलवरून खळवाडीवर आले. कडक इस्त्रीच्या विजारीला भुसकट लागलं तरी त्यांनी ते झटकलं नाही. पण त्यांनी गोड आवाजात "आप्पा, जरा छाती बघू द्या" म्हटलं मात्र, आप्पा उठून उसात शिरले. सगळा दिवस उसात बसून खोकत राहिले. तात्या मला म्हणाले, "गोड बोललं की पळतोय बगा त्यो. शिवी दिली तर थांबतोय." त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांच्या मते डॉक्टर तेव्हा येत नव्हते आणि आता येत होते, एवढंच.

मग माझा बदलीचा हुकूम आला. माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. तिथं पुढे बाजारात एकदा आमच्या गावचा माणूस भेटला. आप्पा आहेत, तसेच बाहेर आहेत, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरांना एकदा खळ्यावर त्यांनी छातीला नळी लावू दिली, दुसऱ्या खेपेला काठी घेऊन मागे लागले. त्यातून किती झालं आणि किती नाही, मी सांगू शकत नाही. मला सांगता येण्यासारखं आहे ते गाव सोडायच्या आदल्या दिवसाचं.

सुगी होती. तीन-चार खळ्यांवर उफणणी चालली होती. आप्पा गंजीला टेकून बसले होते, छाती वरखाली होत होती. मी येताना दिसलो तसे ते उठू लागले. मी लांबच थांबलो.

"आप्पा, उठू नका. मी बोलवायला आलेलो नाही. सांगायला आलोय."

ते अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"चावडीत तुमचा निवाडा होणार हे खोटं होतं."

"ती मला म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "दार लावल्यावर समजलं."

"आणखी एक आहे. डॉक्टर येत नाहीत असं मी सांगितलं, तेही खोटं. मी त्यांना विचारलंच नव्हतं."

आप्पा खाली बसले. खोकल्याची एक उबळ आली, ती त्यांनी जाऊ दिली.

"इचारलं न्हाई?"

"नाही. दवाखान्यासमोर उभा राहिलो आणि परत आलो."

"का?"

"लाज वाटली."

"कुनाची? माजी?"

मला दुसरं काही उत्तर सुचलं असतं तर मी दिलं असतं. "हो," मी म्हणालो. "तुमची."

त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. वर्गात एखादा मुलगा सोपं उत्तर चुकला की मी बघत असे, तसे.

"आवं, मग मला न्यायचं हुतं संगं," ते म्हणाले. "मी भायेर उबा ऱ्हायलो असतो. तुमी नुसतं बोट दावायचं. बोलनं मी केलं असतं."

 मी पुटपुटलो, "चुकलो, आप्पा."

"काय?"

"चुकलो म्हणालो."

"मला ऐकू आलं," आप्पा म्हणाले आणि काठीनं खळ्यांकडे दाखवलं. तिथं तात्या होते, पाटील स्वतःच्या राशीपाशी उभे होते, न्हावी आपला तुकडा उफणत होता. "तेस्नी ऐकू गेलं न्हाई. चावडीत म्हनला असता तर चार भिंतीत ऱ्हायलं असतं. हितं म्हना. मोट्यानं."

मी खळ्यांकडे वळलो. दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि सगळ्यांची तोंडं मला दिसत होती. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज काढून मी म्हणालो,

"तात्या, पाटील, ऐका. डॉक्टर येत नाहीत म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलं नव्हतं. आप्पा तयार होते, मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं आणि त्यांना बांधायला लावलं. आप्पा, मी चुकलो. मला माफ करा."